ज्ञानदेचा ‘ज्ञ’

मुलीचे नाव काय ठेवावे हा प्रश्न महाराष्ट्रातील आईबापांना जितका सोपा वाटतो तितका तो आपल्याकडे, म्हणजे बृहन्महाराष्ट्रातील मराठी घरांत, सोपा राहत नाही. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला नावाचा अर्थ पाहावा लागतो, नाद पाहावा लागतो, फार तर आडनावापुढे ते शोभेल की नाही याचा विचार करावा लागतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव किंवा हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला याखेरीज आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते : शेजारीपाजारी ते नाव कसे उच्चारतील? बारशाच्या दिवशी आत्या पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते, तेव्हा ते नाव मराठी असते. तेच नाव पाच-सहा वर्षांनी शाळेच्या हजेरीत पुकारले जाईल तेव्हा ते कोणत्या भाषेचे झालेले असेल, हे आत्याबाईंच्या हाती नसते.

ज्या नावांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते त्यांत ‘ज्ञ’ या जोडाक्षराची नावे अग्रभागी आहेत. प्रज्ञा हे त्यांतले सर्वपरिचित नाव. मनोज्ञा, यज्ञेश, सर्वज्ञ ही त्यामानाने विरळ. पण प्रज्ञेत काय किंवा मनोज्ञेत काय, ज्ञ नावाच्या पोटात असतो. आधीच्या अक्षराचा त्याला आधार मिळतो. नावाचा प्रारंभच ज्ञने होत असेल तर जिभेला कसलाच आधार उरत नाही. ज्ञानेश्वर, ज्ञानदेव ही पुरुषांची नावे संतांच्या पुण्याईने सगळीकडे पोचली. मुलींच्या नावांत अशा प्रारंभाचे, सुंदर अर्थाचे आणि तरीही वर्गात क्वचितच दोघींचे असावे असे एक नाव आहे : ज्ञानदा. प्रस्तुत लेख मुख्यतः त्या नावाविषयी आहे.

‘दा’ म्हणजे देणारी. वरदा म्हणजे वर देणारी, सुखदा म्हणजे सुख देणारी, मोक्षदा, यशोदा ही सारी एकाच घराण्यातली. मध्य प्रदेश आणि गुजरात या दोन्ही प्रांतांतील मराठी माणसे जिच्या पाण्यावर वाढली ती नर्मदाही याच घराण्यातली. नर्म म्हणजे आनंद, तो देणारी ती नर्मदा. ज्ञानदा म्हणजे ज्ञान देणारी, अर्थात सरस्वती. नाव संस्कृत आहे, पण मुलीचे नाव म्हणून ते मराठी घरांतच विशेष रुळले. हिंदीभाषक शेजाऱ्यांच्या जुन्या पिढीत ज्ञानवती आढळते, ज्ञानदा फारशी आढळत नाही. मात्र बंगालात या नावाची एक थोर स्त्री होऊन गेली. सत्येंद्रनाथ ठाकूर, म्हणजे रवींद्रनाथांचे वडील बंधू आणि सनदी सेवेत शिरलेले पहिले भारतीय, यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी (१८५०–१९४१). सत्येंद्रनाथांची नोकरी मुंबई इलाख्यात असल्यामुळे त्यांचा या पश्चिमेकडील प्रदेशाशी निकटचा संबंध आला, आणि इकडच्या पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत पाहून त्यांनी बंगाली स्त्रियांसाठी बाहेर वावरण्याजोगी नवी धाटणी रूढ केली. आपण त्यांना ज्ञानदानंदिनी म्हणतो. त्यांच्या माहेरी-सासरी त्यांना ‘गॅनोदानोंदिनी’ म्हणत असतील. अक्षरे तीच, ऐकणाऱ्याला ती एकच बाई आहे हे कोणी सांगितल्याशिवाय कळू नये!

आपल्या घरांतून या नावाकडे ओढा वाढला तो अलीकडचा. नावांच्याही लाटा असतात. गंगा, यमुना, कृष्णा यांच्यानंतर सुधा, कुमुद, शालिनी आल्या. पुढे अश्विनी, अर्चना, वैशाली आल्या. मग ऋचा, मृण्मयी, सानिका. प्रज्ञा या नावाचा इतिहास मात्र स्वतंत्र आहे आणि तो विसरला जाऊ नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतर असंख्य मराठी कुटुंबांनी प्रज्ञा, करुणा, मैत्री ही नावे समजून-उमजून मुलींना दिली. बाबासाहेबांचा जन्म आमच्या इंदुराजवळच्या महूचा, तेव्हा या भागातही त्या नावाला वेगळा मान आहे. ज्ञानदा या नावामागे असे मोठे आंदोलन नाही. शांतपणे, एका घरातून दुसऱ्या घरात ते गेले. अलीकडे दूरचित्रवाणीवर ज्ञानदा कदम या वृत्तनिवेदिकेचे, ‘ठिपक्यांची रांगोळी’ या मालिकेतील ज्ञानदा रामतीर्थकर या अभिनेत्रीचे नाव महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांतही पोचले आणि ‘हे नाव आपल्या नातीला शोभेल’ असे आजीबाईंना वाटू लागले. वाटणे ठीक; पण पाऊल घराबाहेर पडले की त्या नावाचे काय होते?

इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर येथे ती ‘ग्यानदा’ होते. येथली गंमत अशी की लिपी दोघांची एकच, देवनागरी. आपण कागदावर ज्ञानदा लिहून देतो, हिंदी शिक्षिका ते जसेच्या तसे फळ्यावर उतरवते आणि वाचताना ‘ग्यानदा’ वाचते. ती चुकत नसते. हिंदी मुळाक्षरांच्या पुस्तकात शेवटच्या पानावर ‘ज्ञ से ज्ञानी’ असतो आणि तो ‘ग्यानी’ असाच शिकवला जातो. बडोद्याला तिची ‘ग्नानदा’ होते. गुजराती माणूस ज्ञानाला ‘ग्नान’, विज्ञानाला ‘विग्नान’ म्हणतो आणि प्रज्ञाबेनच्या नावात रोमन लिपीत जी आणि एन अशी अक्षरे घालतो. बेळगावात कन्नड मैत्रिणी तिला बहुधा ‘ग्न्यानदा’ म्हणतील, आणि एखादे पाठशाळेत शिकलेले शास्त्रीबोवा ज जपून ‘ज्न्यानदा’ म्हणतील. हैदराबादेत तेलुगू जीभही ‘ग्न्या’कडेच वळते. गोव्यातील कोकणीत ज्ञानाचे ‘गिन्यान’ झालेले आहे. जोडाक्षर फोडून मध्ये स्वर घातला की सारे कष्ट संपतात, हा कोकणी शहाणपणा मला फार आवडतो. आणि आपल्या घरात? घरात ती ‘द्न्यानदा’ असते. लिहिलेल्या अक्षरात कोठेही द नाही, तरीही आपल्याला तो द इतका स्वाभाविक वाटतो की तो तेथे नाही हे सांगूनही पटत नाही.

मग यांतला शुद्ध उच्चार कोणता? या प्रश्नावर आपल्या घरांतून होणारे वाद मी पुष्कळ ऐकले आहेत, आणि त्यांचा निकाल नेहमी एकच लागतो : आपला शुद्ध आणि शेजाऱ्याचा भ्रष्ट. वस्तुस्थिती इतकी आपल्या सोयीची नाही. ज्ञ हे ज् आणि ञ् यांचे जोडाक्षर आहे. ज म्हणताना जीभ टाळूला टेकते, क्षणभर वाट अडते आणि मग घर्षणाने ती मोकळी होते. पुढे लगेच ञ हा अनुनासिक आला की हवा नाकाकडे वळते आणि त्या घर्षणाला वावच राहत नाही. राहतो तो नुसता अडथळा. तो अडथळा मराठी कानाने द् असा ऐकला. हिंदी, गुजराती आणि तेलुगू कानांनी ग् असा ऐकला. घर्षण आपणही गमावले, त्यांनीही गमावले. संस्कृत व्याकरणाच्या कसोटीला लावायचे म्हटले तर द आणि ग दोन्ही उमेदवार सारखेच अनुत्तीर्ण होतील. बंगाल्यांनी तर ‘प्रज्ञा’चे ‘प्रोग्गा’ केले, आणि तमिळांनी ‘ज्ञानम्’मधला ज् सोडून देऊन नुसता ‘ञानम्’ ठेवला.

तमिळांचा हा मार्ग फार जुना आहे. पाली भाषेत ज्ञानाचे ‘ञाण’ झाले आणि प्रज्ञेचे ‘पञ्ञा’. आपल्याच मराठीचा जुना संसार पाहिला तर असे दिसते की बोलीतून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेल्या शब्दांत ज्ञ कोठेच टिकलेला नाही. राज्ञीची राणी झाली. आज्ञेची आण झाली. आजही आपण ‘तुला माझी आण आहे’ म्हणतो तेव्हा मूळ आज्ञाच बोलत असते. यज्ञोपवीताचे जानवे झाले, विज्ञप्तीची विनंती झाली, ज्ञातीच्या कुळातून आपले नाते आले आणि गुजरातीतली ‘नात’ म्हणजे जात आली. सज्ञान माणसाचा शहाणा माणूस झाला! ज्या भाषेने ज्ञ असा सहजपणे गिळून टाकला होता, तिने पुढे पंडितांच्या हातून तेच संस्कृत शब्द पुन्हा उसने घेतले तेव्हा त्या अक्षराचा उच्चार तिला नव्याने ठरवावा लागला. तो प्रत्येक प्रांताने आपापल्या परीने ठरवला. आपल्या चार-पाच उच्चारांचा उगम हा असा आहे. एकच दागिना पाच गावच्या सोनारांकडे मोडीत गेला आणि पाच घडणींचा होऊन आला, यात कोणत्या सोनाराला चोर म्हणावे?

जाता जाता आणखी एक गोष्ट. ज्ञा या धातूचे नातेवाईक युरोपातही आहेत. ग्रीकांचा ‘ग्नोसिस’ म्हणजे ज्ञान, तो याच कुळातला. इंग्रजीतील ‘नो’ म्हणजे जाणणे, हाही त्याच कुळातला. त्याच्या आरंभी जो मुका ‘के’ लिहितात तो पूर्वी बोलला जात असे. म्हणजे इंग्रजांनीही तेच केले जे पाली बोलणाऱ्यांनी केले : पहिले व्यंजन टाकले, अनुनासिक ठेवले. बडोद्याच्या शेजारणीचा ‘ग्नान’ ऐकून ज्यांना हसू येते त्यांनी तो ग्रीकांच्या किती जवळ आहे हे ध्यानात घ्यावे.

आणि आपणही ‘ग्या’ला परके समजण्याचे कारण नाही. १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली त्या ज्ञानेश्वरांना वारकरी काय म्हणत आले? टाळमृदंगाच्या ठेक्यावर, आषाढीच्या वाटेवर, लेझमीच्या तालावर जे नाव घुमते ते ‘ग्यानबा-तुकाराम’. खेड्यापाड्यांतील कितीतरी ज्ञानू आणि ज्ञानबा हे ग्यानू आणि ग्यानबा म्हणूनच जन्मले, संसार करून गेले. आमच्या इंदूरच्या हिंदी शिक्षिकेने ‘ग्यानदा’ म्हटले की आपल्या कपाळाला आठी पडते, आणि पंढरीच्या वाटेवर ‘ग्यानबा’ ऐकले की हात जोडले जातात. ‘द्न्य’ हा सुशिक्षित, शाळेतून आलेल्या मराठीचा उच्चार आहे. तो आपला आहे, प्रिय आहे, तो जपावा असे मलाही वाटते. पण ‘ग्या’ म्हणणाऱ्याला मराठीची परंपरा ठाऊक नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल.

उलट दुसऱ्याचा उच्चार आदराने स्वीकारण्याचेही आपल्याकडे उदाहरण आहे. १९८२ ते १९८७ या काळात राष्ट्रपती असलेले झैलसिंग यांना शीख परंपरेतील ‘ज्ञानी’ ही पदवी होती. हिंदी वर्तमानपत्रे ती ‘ज्ञानी’ अशी लिहीत, कारण त्यांना लिहिलेले आणि बोललेले यांत अंतर वाटत नव्हते. मराठी वर्तमानपत्रांनी मात्र ‘ग्यानी झैलसिंग’ असे लिहिले. पंजाबी माणसाचे नाव पंजाबी माणूस जसे घेतो तसेच लिहावे, ‘द्न्यानी’ वाचले जाऊ नये, म्हणून आपण शुद्धलेखन सोडले. तेवढी कदर आपल्या ज्ञानदेची कोणी केली तर आपल्यालाही बरे वाटेल, एवढेच.

गेल्या काही वर्षांत या अक्षराला अनपेक्षितपणे देशभर प्रसिद्धी मिळाली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे ‘विक्रम’ अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले आणि त्यातून ‘प्रज्ञान’ ही सहा चाकांची गाडी बाहेर आली. त्या रात्री आमच्याकडे दूरचित्रवाणीवर हिंदीत ‘प्रग्यान’ आणि मराठीत ‘प्रद्न्यान’ असा एकाच गाडीचा जयजयकार चालला होता. त्याच महिन्यात बुद्धिबळाच्या विश्वचषक स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोचलेला चेन्नईचा तरुण खेळाडू प्रज्ञानंद घरोघरी पोचला. त्याचे नाव रोमन लिपीत लिहिताना मध्ये दोन जी आणि एक एन येतात. आमच्या मराठी मुलांना ते पाहून हा कोण ‘प्रग्गनानंधा’ असा प्रश्न पडला, आणि देवनागरीत वाचल्यावर ‘अरे, हा तर आपला प्रज्ञानंद!’ असा उलगडा झाला.

रोमन लिपीचा हा मुद्दा गौण नाही. माझ्या मते मुख्य मुद्दा तोच आहे. उच्चार वाऱ्यावर जातो, लिहिलेले राहते. मराठी माणूस ज्ञसाठी रोमनमध्ये डी, एन, वाय ही अक्षरे वापरतो आणि ही रीत आजची नव्हे. १८४२ साली अहमदनगरला अमेरिकन मिशनने सुरू केलेले ‘ज्ञानोदय’, १८४९ साली पुण्यात निघालेले ‘ज्ञानप्रकाश’, या नियतकालिकांची नावे इंग्रजीत डीपासूनच लिहिली जातात. हिंदीभाषक जी आणि वाय लिहितो, गुजराती आणि तेलुगू माणूस जी आणि एन लिहितो, कन्नड माणूस आणि संस्कृतचे विद्वान जे आणि एन लिहितात. ज्ञानपीठ पुरस्काराचे नावही जेपासून लिहिले जाते, बंगळूर विद्यापीठाच्या ज्ञानभारती परिसराचेही. तेव्हा एकच ज्ञानदा रोमन हजेरीपटात कोठे बसेल हे तिच्या ज्ञानावर अवलंबून नाही. डीने लिहिली तर वर्णमालेच्या चौथ्या अक्षराखाली, जीने लिहिली तर सातव्या, जेने लिहिली तर दहाव्या. मराठी कोशात मात्र ज्ञ बहुधा सर्वांत शेवटी, हच्याही पलीकडे, आणि हिंदी कोशात जच्या पोटात.

माझ्या नात्यातील एका मुलीचे उदाहरण सांगतो. मुलगी गुणी, नाव हेच. जन्माच्या दाखल्यावर नगरपालिकेच्या लेखनिकाने आपल्या कानाला ऐकू आले तसे जी आणि वायने लिहिले. शाळेत वडिलांनी डीने लिहिले. दहावीच्या गुणपत्रिकेवर शाळेच्या दप्तरातून जे गेले त्यात वाय गळाला. पुढे परदेशातील विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा तीन कागदांवर तीन मुली उभ्या राहिल्या आणि त्या तिघी एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी त्या घराला दोन महिने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. प्रतिज्ञापत्र करावे लागले. प्रतिज्ञापत्र या शब्दातही ज्ञ आहेच, हे त्या मुलीने मला हसत हसत सांगितले. तिच्या वडिलांना त्या वेळी हसू येत नव्हते. प्रवेशाची मुदत चार दिवसांवर आली असताना काम झाले. न झाले असते तर एका जोडाक्षरापायी तिचे एक वर्ष गेले असते.

केवळ ज्ञचेच असे होते असे नाही. ऋचीही अशीच कथा आहे, फक्त तेथे गावांची वाटणी निराळी. ऋतुजा, ऋचा, मृण्मयी यांच्यातील ऋ आपण ‘रु’ असा उच्चारतो. गुजराती आणि कन्नड शेजारीही तसाच उच्चारतात, म्हणून बडोद्याला आणि बेळगावला ऋतुजेला त्रास नाही. इंदूर-ग्वाल्हेरला मात्र ती ‘रितुजा’ होते. क्रिकेट पाहणाऱ्यांना हे सहज पटेल : पुण्याच्या ऋतुराज गायकवाडच्या रोमन नावात आरपुढे यू आहे आणि उत्तराखंडच्या ऋषभ पंतच्या नावात आय आहे, अक्षर दोघांचे एकच. पण ऋच्या बाबतीत वाद स्वरापुरता असतो. ज्ञच्या बाबतीत नावाचे पहिले अक्षरच बदलते, आणि पहिले अक्षर बदलले की कार्यालयातील माणसाला ती दुसरीच व्यक्ती वाटते.

आता थोडे कायद्याविषयी, कारण आपल्यापैकी पुष्कळांना ते ठाऊक नसते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. त्यानुसार जन्माची वर्दी २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते; पण त्या वेळी बाळाचे नाव ठरलेले असलेच पाहिजे असे नाही. नावाविना नोंद होते आणि नाव पुढे बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येते. म्हणजे घाईने, रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभ्या उभ्या, तेथल्या कारकुनाच्या कानावर विसंबून नाव घालण्याची काहीच आवश्यकता नसते. दुसरी गोष्ट अशी की २०२३ च्या दुरुस्तीनंतर, त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, पासपोर्ट अशा कामांना जन्मतारीख व जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो. पूर्वी शाळेचा दाखला दाखवून निभावत असे. आता जे पहिल्या कागदावर लिहिले जाईल तेच मुलीबरोबर जन्मभर चालेल.

हे सारे माहीत असलेल्या एका घरात अलीकडे या नावावरून बरेच महिने वाद झाला, तो मला जवळून पाहता आला. आजी इंदूरच्या, चिरंजीव नोकरीनिमित्त हैदराबादेत. घरात ज्ञानेश्वरीचे पारायण चालू असताना नात झाल्याची वार्ता आली, तेव्हा आजींनी नाव ठरवूनच टाकले. चिरंजीवांनी नकार दिला. त्यांचे स्वतःचे नाव हृषीकेश. जन्मभर त्यांनी त्या नावाच्या आरंभीचा ह कधी लिहिला, कधी गाळला, कधी तो लोकांनी गाळला. ‘आई, माझ्या नावाने मला जेवढे हेलपाटे घालायला लावले तेवढे माझ्या मुलीला घालावे लागू नयेत. तिचे नाव इरा ठेवू, मीरा ठेवू, जगात कोणीही कसेही म्हटले तरी मोडणार नाही असे ठेवू.’ आजींचे म्हणणे निराळे होते. ‘अरे, न मोडणारी नावे सगळ्यांचीच असतात. घरात मराठी तेवढे बोलता, तेही अर्धे. निदान मुलीच्या नावात तरी एखादे अक्षर असे असू द्या की ते फक्त आपल्याला म्हणता येते.’

मला दोघांचेही पटत होते, आणि आजींचे शेवटचे वाक्य थोडे खटकतही होते. फक्त आपल्याला म्हणता येते म्हणून एखादे अक्षर मुलीच्या गळ्यात बांधणे हा काही नावामागचा हेतू होऊ नये. पण चिरंजीवांच्या भीतीपुढे नमावे असेही वाटले नाही. शेजाऱ्यांच्या जिभेला सोपी पडावीत म्हणून आपण नावे निवडू लागलो तर दोन पिढ्यांत आपल्या घरांत दोन अक्षरी, जोडाक्षररहित, कोणत्याही देशात खपतील अशी दहा-बारा नावे उरतील; ती वाईट नाहीत, पण त्यांच्यावरून ही मुलगी कोणत्या घरातली हे कळणार नाही. ‘ग्नानदा’ म्हणणारी बडोद्याची शेजारीण आणि ‘ग्यानदा’ म्हणणारी इंदूरची बाई यांनी त्या नावाचे काही नुकसान केलेले नाही. दोघींनीही त्या मुलीला ज्ञान देणारीच म्हटलेले आहे. नुकसान कागदावर होते, आणि कागद आपल्या हातात असतो.

त्या घरात नोंदणीचा नावाचा रकाना अकरा महिने कोरा राहिला. सूनबाईंनी अखेर मार्ग काढला. नाव आजींचे, लेखन हृषीकेशरावांनी ठरवायचे, आणि एकदा ठरले की आधारपत्रापासून बँकेच्या पुस्तकापर्यंत कोणीही त्यात काना-मात्रेचा फरक करायचा नाही. हृषीकेशराव जेच्या बाजूचे होते, कारण संस्कृत ग्रंथांत तसे लिहितात. मी डीचा आग्रह धरला. जे पाहून ‘ज्नानदा’ असे जे काही वाचले जाईल ते कोणत्याच भाषेचे होणार नाही. डी पाहून परका माणूस पहिल्यांदा ‘डिन्यानदा’ म्हणेल हे खरे, पण एकदा सांगितले की निदान घरातला उच्चार त्याच्या हाती लागेल. शिवाय मराठी माणसांनी दीडशे वर्षांहून अधिक काळ वापरलेली रीत आहे. देशभरच्या कार्यालयांतून ज्ञानेश्वर नावाचे शेकडो लोक तिच्यावर चाललेले आहेत. शेवटी डी ठरली. बाराव्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी अर्ज भरला, लेखनिकासमोर बसून प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचून घेतले, आणि छापील प्रत हातात आल्यावर पुन्हा एकदा वाचले.

मुलगी आता अडीच वर्षांची आहे. पाळणाघरातील तेलुगू बाई तिला ‘ग्न्यानदा’ म्हणतात, समोरच्या हिंदी कुटुंबातील आजोबा ‘ग्यानदा बिटिया’ म्हणतात, आणि दोन्ही हाकांना ती सारखीच धावते. इंदूरच्या आजी रोज संध्याकाळी दूरध्वनीवर तिला नाव विचारतात. ती ‘न्यानदा’ म्हणून सांगते. आजी ‘द्न्या, द्न्या’ असे दोनदा म्हणून दाखवतात, ती पुन्हा ‘न्यानदा’ म्हणते, आणि मग दोघी जेवायला काय केले आहे त्याकडे वळतात.